शकूचा उतार

टेंभी नाक्यावर चप्पल शिवून घेत उभी होते. एक पाय चपलेत, दुसरा वर्तमानपत्राच्या तुकड्यावर. तेवढ्यात मनालीचा फोन आला. "मावशी, आई गेली." मी विचारलं, "कुठे गेली?" शकू सतत कुठे ना कुठे निघालेली असायची, त्यामुळे तोंडून तेच आलं. मग पलीकडून मनालीचं रडणं ऐकू आलं आणि कळलं... दुसऱ्या दिवशी पेपरात कोपऱ्यात बातमी होती, 'पाय घसरून महिलेचा मृत्यू'. शकूचा पाय घसरला, हे खरंच. पण ज्या पायऱ्यांवर घसरला त्या तिथे पूर्वी नव्हत्या. त्या का बांधल्या, आणि बांधू नका म्हणून ती कुणाकुणाच्या दारात जाऊन आली, याबद्दल बातमीत एक अक्षर नव्हतं. ते मी लिहितेय.

शकुंतला माझी कल्याणच्या शाळेतली मैत्रीण. लग्नानंतर मी ठाण्याला आले आणि ती टिटवाळ्याजवळच्या नदीकाठच्या गावात गेली. नवरा लवकर वारला, मागे थोडी भाजीची शेती आणि लहानगी मनाली. शकूने जुनी जीप घेतली, तिला मागे ट्रेलर जोडला आणि भाजी स्वतःच कल्याणच्या मार्केटला न्यायला लागली. पहिल्या दिवशी मी बरोबर गेलेले. पुढे जाणं सोपं होतं, पण गाळ्याशी ट्रेलर उलटा लावायचा म्हटल्यावर सगळं बिघडलं. ट्रेलर डावीकडे वळवायचा तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं, हे तिला ठाऊक होतं, पण हात ऐकेनात. जीप एकीकडे, ट्रेलर दुसरीकडे, आणि दोन्ही मिळून अख्खा रस्ता अडवून आडवे! मागे टेम्पोवाल्यांचे हॉर्न सुरू झाले. एक जण ओरडला, "ओ ताई, उतरा, आम्ही लावून देतो!" शकू खरंच उतरली. मला वाटलं, आता चावी त्याच्या हातात देईल. तिने समोरच्या टपरीवर चहा मागवला आणि त्या सगळ्या गोंगाटात उभं राहून शांतपणे प्याली. मग परत बसली, गाडी थोडी पुढे घेऊन सरळ केली, आणि इंच इंच मागे घेत ट्रेलर गाळ्याला लावला. खाली उतरून त्या माणसाला म्हणाली, "दादा, हॉर्न वाजवून ट्रेलर वळत नाय." तो हसला आणि भाजी उतरवायला लागला.

एका पावसाळ्यात नदी गावात शिरली आणि काठाला बांधलेल्या होड्या वाहून गेल्या. खालची वस्ती पाण्याने वेढली, लोक पत्र्यांवर चढून बसले आणि त्यांच्याकडे जायला काही उरलं नाही. एक म्हातारा त्यात गेला. त्यानंतर शकूने माहेरून वडिलांची जुनी होडी आणली आणि काठावर न बांधता वर स्वतःच्या घरामागे ठेवली. पाणी चढलं की ट्रेलरच्या बाजूच्या फळ्या काढायची, चार जणांकडून होडी वर चढवून बांधायची आणि जीप घेऊन नदीकडे निघायची. गावातून पाण्यापर्यंत एक रुंद मातीचा उतार होता, म्हशी जायच्या तो. त्या उतारावरून ती ट्रेलर उलटा पाण्यात घालायची, होडी आपोआप तरंगेपर्यंत. मग दोर सोडायचा. दर पावसाळ्यात माणसं, शेळ्या, एकदा तर पाळण्यासकट बाळ त्या होडीतून वर आलं. तिला मी एकदा विचारलं, "भीती नाही वाटत गं?" म्हणाली, "पाण्याची वाटते. पण उतार ओळखीचा आहे ना."

तोच उतार गेला. गावाच्या दोन्ही बाजूंना टॉवर उभे राहिले होते, त्यांना नदीचा 'व्ह्यू' हवा होता. उताराच्या जागी चकचकीत लाद्यांच्या पायऱ्या, स्टीलचं रेलिंग आणि फोटो काढायला एक गोल कट्टा. काम सुरू झालं त्या दिवसापासून शकू भांडत होती. नगरसेवकाच्या ऑफिसात मीही तिच्यासोबत बसलेले. तो गोड हसत म्हणाला, "शकूताई, गावाची शोभा वाढतेय. आणि पुराला सरकारी बोटी येतात की आता." शकू म्हणाली, "त्या येईपर्यंत काय करायचं? मला फक्त एका बाजूला गाडीपुरता उतार ठेवा. पायऱ्यांवरनं ट्रेलर कसा उतरवू मी?" "बघतो," तो म्हणाला. इंजिनीअर म्हणाला, "प्लॅन पास झालाय." उद्घाटनाला फीत कापली, लाडू वाटले. शकू गेली नाही.

पुढे काय झालं ते मनालीने सांगितलं. पाणी सकाळपासून चढत होतं. सरकारी बोट येतेय, येतेय, असं फोनवर सांगत होते. खालच्या वस्तीत एक बाळंतीण अडकली होती. शकूने ट्रेलर उलटा घेत पायऱ्यांच्या अगदी तोंडाशी आणला आणि तिथे चाकं थांबली. पुढे सगळ्या लाद्या. होडी हातांनी उतरवायची ठरली. होडीचं खालचं टोक धरायला कुणी धजेना, तेव्हा शकू स्वतः गेली, पाण्याकडे पाठ करून, एकेक पायरी मागे. ओल्या लादीवरून तिचा पाय सुटला आणि होडीचा सगळा भार तिच्या अंगावर आला. डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. लोक होडी टाकून तिला उचलायला धावले, तर ही म्हणाली, "आधी ती पाण्यात घाला." घातली. बाळंतीण, बाळ, सासू, सगळे सुखरूप वर आले. शकूला त्याच जीपमधून कल्याणला नेलं. तिथून ती परत आली नाही.

शोकसभा झाली ती त्याच गोल कट्ट्यावर. नगरसेवकाने माईक घेतला. "या घाटाला आपण शकुंतलाताईंचं नाव देऊ या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या... शोकसभेत टाळ्या! मनाली उठली. "ज्या पायऱ्यांनी माझ्या आईला मारलं, त्यांना तिचं नाव देऊ नका. पायऱ्या तोडा. उतार द्या." नगरसेवक माईकमध्ये हळूच म्हणाला, "पोरगी दुःखात आहे." आणि चहा फिरवायला सांगितला. त्या चहाचा कप मी त्याच्या तोंडावर फेकला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पुढच्या आठवड्यात शकूच्या नावाची, फुलांच्या नक्षीची पाटी लागलीसुद्धा.

मध्यंतरी मनालीने फोन केला, "मावशी, कल्याणला जायचंय, येतेस?" मी गेले. ट्रेलरवर होडी बांधलेली होती आणि होडीत ती पाटी, उचकटून काढलेली. जीपमध्ये शकू बसायला घ्यायची ती उशी तशीच होती. शकू बुटकी, मनाली उंच. डावीकडचा आरसा शकूने इतका खाली वाकवलेला की त्यात ना रस्ता दिसत होता ना मागची गाडी, दिसत होतं ते फक्त ट्रेलरचं चाक आणि त्याच्याजवळची हातभर जमीन. "अगं, हा नीट कर ना," मी म्हटलं. "राहू दे," ती म्हणाली, "आई यातच बघायची."

महापालिकेच्या कार्यालयाच्या फाटकाशी तिने गाडी पुढे नेली, थांबवली आणि त्या आरशात बघत ट्रेलर मागे घ्यायला लागली. एकदा वाकडा गेला. तिने पुढे घेऊन सरळ केला. दुसऱ्यांदा तो फाटकाच्या मधोमध जाऊन बसला, होडीसकट. कुणाला आत जाता येईना, की बाहेर येता येईना. वॉचमन काठी आपटत आला, "ए पोरी, ट्रेलर मागे घे!"

"मागेच घेतलाय, काका," मनाली म्हणाली आणि इंजिन बंद केलं. "आता साहेबांना खाली बोलवा. उतार कधी देताय ते इथे येऊन सांगू दे."

साहेब आले, पोलीसही आले. आरडाओरडा झाला, आमची नावं लिहून घेतली. साहेबाने सगळ्यांसमोर कबूल केलं की एका बाजूच्या पायऱ्या काढू. अजून एकही लादी निघालेली नाही. जीप मनालीच्या दारात उभी आहे, ट्रेलर जोडलेलाच ठेवलाय. आरसा कुणी वर केलेला नाही.