मसणवट्यातला खांब

सातवा खांब कुठं रोवायचा, यावर काम अडलं होतं. लिस्टमध्ये जागा होती सरपंचाच्या गोठ्यासमोर. मी म्हणत होतो, मसणवट्यात रोवू.

"काका, लिस्ट म्हणजे लिस्ट," कदम साहेब म्हणाले. हे कंपनीचे साईट इंजिनिअर, माझ्या पोराच्या वयाचे.

आमची कंपनी व्हेंडर. म्हणजे सरकार पैसा देतं, आमी सोलर लाईट आणून गावोगाव बसवतो आणि पाच वर्षं वॉरंटीत सांभाळतो. मी चौथी शिकलेला. खड्डे खोदतो, खांब उभे करतो, मग पॅनल पुसत फिरतो. नोकरीत सुख आहे. पगार टाईमावर येतो, शेतासारखं आभाळाकडं बघत बसावं लागत नाही. पण लाईट बंद पडली की शिव्या मला. आणि ती कुठं लावावी, हे मला कुणी विचारत नाही.

कुरुंद्याच्या अलीकडचं हे गाव माझंच. त्याआधीच्या हिवाळ्यात माझी बायको कौसा इथंच वारली. पोरगं पुण्याहून येईस्तोवर अंधार पडला. मोटारसायकलींच्या हेडलाईटवर तिला सरणावर ठेवलं. शेवटचं तोंड बघायला वाकलो, तर नेमकी समोरची गाडी बंद पडली. मला तिचं तोंड दिसलं नाही. गावोगाव खांब लावणारा माणूस मी.

हे साहेबांना सांगितलं नव्हतं. आधी सरपंचाकडं गेलो.

"मसणात उजेड कुणाला पाह्यजे, काका? मेल्याला का जित्याला?"

"पोचवायला जाणाऱ्याला. तू बी होतास की त्या दिवशी. तुझीच गाडी बंद पडली."

तो म्हणाला, "कंपनी व्हय म्हणली तर पत्र देतो. गोठ्याला काय, घरचा बल्ब हाय."

परत साहेबांकडं आलो. आता कौसाचं नाव काढलं असतं तर साहेब हळहळले असते, चहा पाजला असता आणि खांब गोठ्यापुढंच रोवला असता. मी दुसरंच काढलं.

"साहेब, फाट्यावरची बॅटरी कितीदा चोरीला गेली?"

"दोनदा. काहून विचारता?"

काहून हा शब्द ते आमच्यातच शिकले.

"नवी कुणी घातली?"

"आपणच. पाच वर्षं चोरीसुद्धा आपल्याच गळ्यात, करारच तसा आहे."

"मसणवट्यात चोर चढंल का खांबावर?"



"खरंच कुणी जात नाही तिकडं?"

"पोचवायलाच जात्यात. अन् त्या टाईमाला बॅटरी कुणाला सुचती?"

त्यांनी तिथंच फोन लावला. सरपंचाचं पत्र आलं, लिस्टमध्ये जागा बदलली. नियमाप्रमाणं खांबासोबत माझा फोटो काढला. साहेब म्हणाले, "काका, हसा की जरा." मी नुसता उभा राहिलो.

त्याला वरीस झालं. शाळेपुढची बॅटरी गेली, फाट्यावरची तिसऱ्यांदा गेली. मसणवट्यातली जागेवर आहे. तिथलं पॅनल मी जरा जास्तच पुसतो. ड्युटीच आहे, कुणी विचारत नाही.

साहेब आता नव्या गावात जीपमधून उतरले की आधी विचारतात, "काका, इथलं मसण कुठंय?"

व्हेंडरकडं काही मागायचं असेल, तर वॉरंटीत बसवून मागावं. मिळतं.