कमीचा गट

उंबरमाळीच्या हॉल्टवर उतरून डोंगराच्या अंगाने पाऊण तास चाललं की खोरवाडी लागते. वीस-बावीस घरांचा पाडा. सावळी तिथे सून म्हणून आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. शिक्षण चौथीपर्यंत, पण अंगात धमक. पेंढ्यात निघालेली घोणस तिने एकटीने काठीने उचलून ओढ्यापलीकडे टाकली, हे तिची सासू गुणाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची. तीच सावळी आज थर्मामीटरचा आकडा वाचायला घाबरते.

सुरुवात राहीच्या पायांपासून झाली. राही तिची एकुलती लेक, तेव्हा साडेपाच वर्षांची. अंगणवाडीतून आली की उंबऱ्यावरच बसायची, पाय दुखतात म्हणायची. मग नडग्यांवर निळे डाग उठले. गुणाबाई म्हणाली, खेळताना आपटली असेल. ताप यायचा, जायचा, परत यायचा. भगताने अंगारा दिला, बाजारातल्या डॉक्टरने लाल टॉनिकची बाटली दिली. एका सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं आणि थांबेचना, तेव्हा राहीचा बाप भगीरथ याने वाशिंदच्या कारखान्यातली पाळी बुडवली आणि पोरीला उचलून दोघांनी शहापूरचा सरकारी दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरांनी रक्ताचा कागद वाचला, खुर्चीवरून उठले आणि आधी खोलीचं दार लावून घेतलं. सावळीने पोरीला मांडीवर ओढून घेतलं.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात आजाराला नाव मिळालं. रक्ताचा कॅन्सर. "लहान मुलांमधला हा कॅन्सर बरा होतो," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांचा नाही, पण पुष्कळांचा." भगीरथने 'बरा होतो' ऐकलं. सावळीने 'सगळ्यांचा नाही' ऐकलं. पुढे बाई बरंच काही बोलल्या, त्यातला एक शब्दही तिच्या कानात शिरला नाही.

पहिल्या महिन्यात राहीचे गाल फुगले, केस उशीवर राहू लागले. पाठीच्या कण्यात सुई घालताना ती अशी किंचाळायची की सावळी बाहेरच्या भिंतीला कपाळ टेकून उभी राहायची. महिन्याअखेर हाडातला मगज तपासला. निकाल चांगला आला. आणि त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघांना एका छोट्या खोलीत बोलावलं. शेजारी रुपाली बसली होती. ही मुरबाडकडची, धसईची पोरगी; हॉस्पिटलात चाललेल्या एका संशोधनाचं काम बघायची. तिच्यासमोर आठ पानांचा कागद होता.

भगीरथ बोट ठेवून वाचू लागला आणि तिसऱ्या ओळीत अडला. "यादृच्छिक वाटप म्हंजे काय?"

"चिठ्ठी," रुपाली म्हणाली. "कम्प्युटर चिठ्ठी काढतो. हे बघ दादा, पुढच्या टप्प्यात एक लाल औषध असतं. रोग मारायला चांगलं, पण अंगातली जंतूशी लढायची ताकद खालावते, मोठेपणी हृदयालाही त्रास देऊ शकतं. राहीसारख्या, रोग परतायचा धोका कमी असलेल्या मुलांना ते पूर्ण लागतं की थोडक्यात भागतं, ते शोधायचंय. अर्ध्या मुलांना पूर्ण, अर्ध्यांना कमी. कुणाला काय, ते चिठ्ठी ठरवणार."

सावळी डॉक्टरीणबाईंकडे वळली. "म्हंजे तुमालाच ठाव नाय, कंचं बरं?"

"नाही," बाई सरळ म्हणाल्या. "माहीत नाही, म्हणूनच विचारतेय."

त्या उत्तराने ती जेवढी घाबरली तेवढी आजाराच्या नावानेही घाबरली नव्हती. एवढी मोठी बिल्डिंग, एवढी मशीनं, आणि यांनाच माहीत नाही!

"माझी पोर काय उंदीर हाय?" भगीरथ उठलाच.

"नको असेल तर नको म्हणा," बाई म्हणाल्या. "नेहमीचं पूर्ण औषध चालू राहील. उपचारात काही फरक पडणार नाही."

सावळीला ते खरं वाटलं नाही. नाही म्हटलं तर उद्यापासून हिच्याकडे कोण बघेल, हे तिच्या मनात टोचत होतं. तरी तिने धीर करून विचारलं, "आता जी औषधं देता, ती कशी ठरली?"

"आधीच्या मुलांवरून," रुपाली म्हणाली. "त्यांच्या आयांनीही असाच कागद भरला होता."

भगीरथ खिडकीपाशी जाऊन उभा होता. शेवटी सावळीने पेन घेतलं आणि चौथीच्या वर्गात शिकली होती तशी, एकेक अक्षर कोरत सही केली. मग तो कागद तिने नवऱ्यापुढे सरकवला.

चिठ्ठी निघाली. कमीचा गट.

हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत त्यांना खोली मिळाली होती; तिथे येईपर्यंत सावळी तो कागद उलटसुलट करत होती. कमी औषध म्हणजे रोगाला जागा ठेवणं, एवढंच तिला कळत होतं. आपण रानातली माणसं म्हणून तर कमी दिलं नाही? रुपाली म्हणाली, कम्प्युटरला जात नि गाव कळत नाही. पुढे बँकेतल्या साहेबांच्या मुलीलाही कमीचाच गट आल्याचं कळलं, तेव्हा तो संशय गेला. भीती गेली नाही.

त्याच खोलीत मुरबाडजवळची मंगळी राहायची. तिचा साईनाथ सात वर्षांचा, आजार तोच, संशोधनही तेच. त्याला पूर्णचा गट आला होता. दोघी एका चुलीवर भाकऱ्या भाजायच्या. साईनाथ राहीला हातमोज्यात हवा भरून कोंबडा करून द्यायचा. त्याच्या सलाइनमधून लाल औषध उतरताना सावळी बघत बसायची. त्याला पुरं मिळतंय, आपल्या पोरीला नाही. हेवा वाटायचा आणि त्या हेव्याचीच लाज वाटायची.

जुलैत औषधाच्या दोन फेऱ्यांमधल्या दिवसांत राही घरी आली. भाताची लावणी चालू होती. दुपारी सावळी चिखलाच्या हातांनी घरी आली तर पोर चुलीजवळ पांघरूण घेऊन बसलेली. थर्मामीटर लावला. एकशे एक.

"भगताला हाक मार," गुणाबाई म्हणाली. "पावसाचा ताप हाय, उतरंल सांच्यापतूर."

सावळीच्या मनात एकच होतं. कमी पडलं. रोग फिरून आला. ती टेकाडावर पळाली, कारण मोबाइलला रेंज तिथेच मिळायची. फोनवर रुपालीचा आवाज आल्यावर ती म्हणाली, "ताप हाय, एकशे एक. रोग फिरून आला गो ताई."

"सावळी, ऐक. रोग परतला का, ते मागनं बघू," रुपाली म्हणाली. "आता तिच्या रक्तात जंतूशी लढणाऱ्या पेशी नसतील. साधा जंतूही तिला झेपायचा नाय. अर्धा तास पन घालवू नको. शहापूर गाठ, पहिलं इंजेक्शन तिथंच घे. मी बोलते डॉक्टरशी."

भगीरथ कामावर होता. सावळीने राहीला पाठीला बांधलं, वर पावसाचं इरलं घेतलं आणि निघाली. ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं. गुणाबाई मागून ओरडत आली, पण ओढ्याशी आल्यावर तिनेच सुनेचा दंड धरला आणि दोघी पलीकडे गेल्या. हायवेला एक टेम्पो थांबला. सगळ्या वाटेत सावळी राहीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होती.

शहापूरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्याने हॉस्पिटलचं कार्ड वाचलं आणि क्षणभर थबकला. असा पेशंट त्याने पाहिला नसावा. सावळीने फोन लावून दिला; पलीकडे रुपालीने तो डॉक्टरीणबाईंकडे दिला. दोन मिनिटं बोलणं झालं आणि सलाइन लागलं, त्यातून इंजेक्शन गेलं. मग ॲम्ब्युलन्सने मुंबई.

जंतू रक्तात उतरले होते. चार दिवस राहीने डोळे नीट उघडले नाहीत. पाचव्या दिवशी तिने वरणभात मागितला.

त्याच आठवड्यात साईनाथही तापाने आला होता. त्याच्या गावाचा रस्ता खचला होता; पोचायला दीड दिवस गेला. तो अतिदक्षता विभागात होता. मंगळी बाहेरच्या बाकावर बसून होती. सावळी तिच्यासाठी चहा घेऊन गेली. मंगळीने कपाला हात लावला नाही. "सावळे, तुझी राही कंच्या गटात गो?"

सावळीने कप बाकावर ठेवला. "मला नाय ठाव," ती म्हणाली.

आपण खोटं का बोललो, ते तिला लगेच कळलं होतं. या बाईच्या तोंडून हाय निघाली तर ती आपल्या पोरीला लागेल, असं तिला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी साईनाथ गेला. मंगळी सामान घ्यायलासुद्धा खोलीवर आली नाही.

राहीला घरी सोडताना सावळीने रुपालीला गाठलं. "ताई, म्हंजे कमीच बरं का? पुऱ्या औषधानं गेला का तो?"

रुपालीचे डोळे भरले होते. "एका पोरावरनं काय सांगता येत नाय गो. त्याला यायला उशीर झाला, त्यानंही असंल. तुझी राही बरी, त्यावरनं पन कमी बरं असं म्हनता येत नाय. म्हनून तर शेकड्यानं पोरं लागतात."

शेकड्यानं पोरं. हे दोन शब्द सावळीच्या डोक्यातून पुढे कधी गेले नाहीत.

त्यानंतर दोन वर्षं गोळ्या चालल्या. दर महिन्याला रक्त तपासायचं, दर महिन्याला कागद येईपर्यंत तिला अन्न गोड लागायचं नाही. राहीला साधं खरचटलं तरी ती पोरीचे पाय उजेडात धरून बघायची. गेल्या वर्षी गोळ्या बंद झाल्या. सगळ्यांनी पेढे खाल्ले. सावळीला उलट जास्त भीती वाटली. निदान गोळीचा तरी आधार होता.

आणि एक गोष्ट मनात कुजत होती. यंदा फाल्गुनात ती एकटीच एसटीने मुरबाडला गेली आणि विचारत विचारत मंगळीच्या गावी पोचली. मंगळी खळ्यावर वाल झोडत होती. तिने वर पाहिलं, झोडणं थांबवलं आणि पाण्याचा तांब्या आणला.

सावळी उभ्याउभ्याच बोलली. "मंगळे, मी खोटं बोलले तवा. राही कमीच्या गटात व्हती."

"ठाव हाय मला," मंगळी म्हणाली. "लाल औषध साईला चारदा लागलं, राहीला दोनदाच. एका खोलीत र्‍हाऊन ते काय लपतंय? मी तर आपलं तुज्या तोंडून ऐकावं म्हनून इचारलं."

सावळी तांब्यातलं पाणी प्यायली. मंगळीनेच विचारलं, "कशी हाय पोर?"

"बरी हाय. तिसरीत जाते."

मंगळीने मान हलवली. वालाच्या दोन शेंगा उगाचच सोलल्या. मग म्हणाली, "त्यांना कळलं का? कंचं बरं ते?"

"अजून नाय. चार-पाच वर्सं लागतील, म्हनते रुपालीताई. शेवटच्या पोराचं बघून झाल्याबिगर सांगत नायत."

"त्यात साईला पन धरनार ना?"

"धरनार. मी इचारलं."

"मंग कळल्यावर मला सांगायला ये," मंगळी म्हणाली. "कायबी निघू दे. पुरं वाईट निघालं तरी सांग."

सावळीने होकार दिला. त्या उत्तराची आता तिलाही भीती वाटत होती. कमी बरं निघालं, तर या बाईसमोर कोणत्या तोंडाने उभं राहायचं? पूर्ण बरं निघालं, तर घरी राहीकडे कोणत्या डोळ्यांनी बघायचं?

मंगळीने वाल ओच्यात बांधून दिले. चारच्या गाडीला अवकाश होता, म्हणून सावळी खाली बसली आणि दोघी मिळून उरलेल्या शेंगा झोडू लागल्या.