टिटवीच्या घरट्याला लाल टॅग

बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झाले त्या फाल्गुनात आम्ही रोज सकाळी हथखोजकडच्या तलावावर जाऊ लागलो. निघालो होतो परतीच्या वाटेवरची बदकं पाहायला, पण अडकलो एका टिटवीपाशी. ती पाण्यात पोट बुडवायची, तशीच ओलेती धावत बांधावर यायची आणि ठरलेल्या जागी बसायची. थोड्या वेळानं पुन्हा पाणी, पुन्हा तीच जागा.

"कावून भिजवून राहिली हे पोट?" मला राहवेना.

"तापलं असन काही, थे थंड करून राहिली," बाबा म्हणाले. सारा जन्म भट्टीपुढे गेलेला माणूस, त्यांना बरोबर कळलं.

ती उठल्यावर आम्ही जवळ गेलो. बांधावर पसरलेल्या, प्लांटच्या भट्टीतून निघणाऱ्या स्लॅगच्या खडीत चार ठिपकेदार अंडी होती, खड्यांसारखीच. फिरायला येणाऱ्या कुणाचाही पाय पडला असता.

प्लांटमध्ये दुरुस्तीच्या शटडाउनसाठी बंद केलेल्या मशीनवर लाल टॅग लटकला की त्याला कुणी शिवत नाही, आणि ज्यानं लावला त्यानंच तो काढायचा. बाबांनी घरातला जुना टॅग काठीला बांधून अंड्यांशेजारी रोवला. मलाही ती शक्कल भारी वाटली.

दुसऱ्या दिवशी तिथे जत्रा! तलावावर टॅग कसला, म्हणून प्लांटमधली सगळी रिटायर्ड मंडळी गोळा झालेली. "यहाँ कौन सा काम चल रहा है भाई?" टिटवी वर किंचाळत होती, अंडी उन्हात उघडी पडली होती. बाबांचा चेहरा पार उतरला. त्यांनी काठी उपटली.

"शटडाउन खतम. चलो, घर चलो."

मंडळी पांगली. आम्हीही लांब बाभळीखाली जाऊन बसलो. तिथून ती परतली की नाही, काही दिसेना. पुढचे कित्येक दिवस बाबा तिथूनच लोकांना दुसऱ्या वाटेनं धाडत. मी देव पाण्यात घालून बसले होते.

चैत्रात एका सकाळी न राहवून आम्ही बांधावर चढलो, तोच टिटवी बाबांच्या डोक्यावर झेपावली. समोरचा एक खडा उठून पळाला. मग दुसरा. मग तिसरा.

"चौथं?" बाबांनी पाऊल उचलता उचलता विचारलं.

"बाबा, हालू नका!"

चौथं पिल्लू त्यांच्या जमिनीवरच्या बुटाला चिकटून बसलं होतं. बाबा तसेच एका पायावर, बगळ्यासारखे.

"जाऊ दे त्याले आधी," ते पुटपुटले. डोळे भरले होते, पण पुसायला त्यांनी हातसुद्धा हलवला नाही.