बाईनं रोवणा काऊन सोडला

हे मी कोणाले सांगितलं नाई. नवऱ्याले नाई, आईले तर नाईच नाई. आज तुम्हाले सांगून राह्यली — काऊन, ते मलेही धड कळत नाई. ऐका म्हणजे झालं.

मोठ्या बहिणीले आमच्याकडं बाई म्हणतात. आमची बाई लहानपणी बैलबंडीवरून तोंडावर पडली. दुखणं गेलं, पण जबडा धरला तो धरलाच. हनुवटी वाढली नाई, तोंड एका बोटाएवढं उघडे. भाकर तिच्या नशिबी नव्हती. पेज प्यायची, तीही ओठाच्या कोपऱ्यातून गळे. पण धानाच्या रोवण्यात, रोपं लावाच्या कामात, तिचा हात कोण धरणार? चिखलानं भरल्या बांधीत उतरली की आम्ही सगळ्या मागं राहू. गाणंही तीच सुरू करे — शब्द बोबडे येत, पण त्याचं कोणाले काही वाटत नसे.

जेवायची सुट्टी झाली की मात्र ती शेताच्या कडेले, पलीकडच्या धुऱ्यावर एकटी जाऊन बसे. कोणी सांगितलं होतं का तिले? नाई. तिचं तिनंच ठरवलं होतं. त्या वर्षी माझं लग्न जमून राह्यलं होतं, सिंदेवाहीकडचं स्थळ, आणि होणाऱ्या नवऱ्याची आत्या आमच्याच रांगेत रोवत होती. आत्या मोठी मायाळू. तिनं आवाज दिला, "ये ना पोरी, आमच्यात बस. एकटी काऊन बसली?" आणि बाई — उठली. डबा घेऊन निघालीसुद्धा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी आत्याले म्हटलं — हसत म्हटलं, तेच तर — "राहू द्या जी तिले तिकडंच. ती जेवाले बसली की दुसऱ्याले घास उतरत नाई."

बायका हसल्या. आत्या हसली नाई. बाई धुऱ्यावर मधातच थांबली, मागं फिरली. पेज पाण्यात ओतून दिली, डबा धुतला, आणि दिवस बुडेपर्यंत रोवत राह्यली. मले भेव होतं, आत्या तिचं गळतं तोंड पाहील आणि स्थळ मोडेल. पण त्यासाठी एवढं बोलाची गरज होती का? नव्हती. खरं सांगू — बायका हसल्या तवा मले बरंही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाई रोवण्यात आली नाई. मग घराबाहेर निघणंच बंद झालं. भिंतीकडं तोंड करून पडून राहे, पेजही नको म्हणे. गाव म्हणे आळशी झाली. आई म्हणे बाहेरची बाधा झाली. कोंबडं दिलं, अंगारे लावले. त्या पूजेचे लिंबू मीच कापून दिले. मले तर कारण ठाऊक होतं ना?

शेवटी जिल्ह्याच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई समजदार होत्या. म्हणाल्या, हा मनाचा आजार आहे, याले औषध आहे, आणि जबड्याचंही ऑपरेशन होते. मग मले विचारलं, "हिला कोणी काही बोललं होतं का?" बाई शेजारीच बसली होती. मी म्हटलं, "नाई." त्यांनी बाईकडं पाह्यलं. बाई माझ्याकडं न पाहता म्हणाली, "नाई जी. कोणी काई नाई म्हटलं." माझ्या अंगाले तवा हळद लागाची होती. ती माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी बोलू देलं.

ऑपरेशन झालं. तोंड आता बरंच उघडते. गोळ्या चालूच आहेत. कधी बरी असते, कधी कितीक दिवस कोणाशी बोलत नाई. आई अजूनही विचारते — माझ्या पोरीले कोणाची नजर लागली असंल? मी भांडे घासत राहते.

या वर्षी रोवण्याले माहेरी गेली तवा बाईले म्हटलं, चाल. नाई आली. पण पहाटे उठून आमच्या सगळ्यांचे डबे तिनंच भरले, आणि माझ्यासाठी वांग्याची भाजी वेगळी केली. ती मी बायकांमध्ये बसून पोटभर खाल्ली.

माफी मागितली नाई. मागितली तर ती लगेच देऊन टाकेल, हे मले ठाऊक आहे.