करदोड्याच्या गाठी

मी डॉक्टरांना सांगितलं, "नवस आहे." साफ खोटं. या एका थापेपायी माझा जीव जात होता.

धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात तपासताना त्यांना माझ्या कंबरेच्या करदोड्यात गाठीवर गाठ दिसली होती. नवस म्हटलं की आमच्याकडं पुढचं कुणी विचारत नाही. या डॉक्टरांनी विचारलं. मला नव्हे, माझ्या बायकोला, यमुनेला.

"कसला नवस? ह्यांनी जेवण सोडलंय, आन् दिवसभर उठाबशा."

डॉक्टरांनी नाडी सोडली. "ब्रॅडीकार्डिया. म्हणजे नाडी फार मंद. आणि मूळ आजार अॅनोरेक्सिया नर्व्होसा. भूक असून खायचं भय वाटतं. ही कसरतही त्यातलीच."

हा म्हणे बहुतेक तरुण मुलींना होतो. मी कळंबच्या शाळेचा मिशाळ ड्रिल मास्तर!

झालं होतं एवढंच, की संमेलनात सलामी देताना माझ्या खाकी चड्डीचं बटण तुटलं आणि अख्खी शाळा हसली. दुसऱ्या दिवसापासून मी पळत सुटलो. करदोडा सैल पडला की गाठ मारायची. गाठ बसली नाही की मैदानाला आणखी फेऱ्या, मग अंगात ताप का असेना. थांबलं की जीव घाबरा व्हायचा.

लोकांनी काय केलं? कौतुक! हेडमास्तर प्रार्थनेला पोरांना सांगायचे, "तपश्चर्या म्हणतात ती ही." मी फुगायचो. तेवढंच फुगायचं राहिलं होतं. एक दिवस झेंड्यापुढं कोसळलो, तर दोघंतिघं पाया पडून गेले.

दवाखान्यात उठायची बंदी. मी चादरीखाली पाय चालवत राहिलो. शेजारच्या खाटेवर आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचा एक म्हातारा धनगर होता. तो ओरडला, "डाक्टरसाब, मास्तरची खाट चालाय लागली!"

डॉक्टर आले. रागावले नाहीत. स्टूल ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, आता खरं बोला. मरून जावंसं वाटतं का?"

एवढ्या लोकांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी "होय" म्हणालो. रोज पहाटे वाटायचं. यमुनेनं हातातला पेजेचा पेला खाली ठेवला आणि ती माझ्याजवळ खाटेवर येऊन बसली.

"या आजारात वाटतं तसं," डॉक्टर म्हणाले. "उपाशी मेंदू आणि थकलेलं अंग मिळून ते बोलतात. सांगितलंत, बरं केलंत. आता तुम्हाला एकटं ठेवायचं नाही."

नर्सबाईंनी कात्रीनं करदोडा कापला. बाप गेला तेव्हा मी इतका रडलो नव्हतो.

पेजेवरून भाकरीवर यायला महिने गेले. प्रत्येक घासाशी भांडण. पुरता बरा झालो म्हणत नाही. अजून जिना दिसला की पाय शिवशिवतात. तुमच्या घरात कुणी जेवण टाकून पळत सुटलं असेल, तर त्याच्या पाया पडू नका. डॉक्टरकडं न्या, आणि मरणाचं सरळ विचारा. विचारल्यानं ते मनात येत नाही. माझ्या मनात ते कधीचं येऊन बसलं होतं.

घरी आलो त्याच आठवड्यात हेडमास्तर शिट्टी घेऊन हजर. "चला मास्तर, पोरांपुढं आदर्श पाहिजे." सांगायला लाज वाटते, पण माझा हात पुढं झाला.

यमुनेनं मधेच शिट्टी घेतली आणि त्यांच्याच हातात परत ठेवली.

"गुरुजी, ह्यांना आजून धड जेवाय येत न्हाय. तुमची पहिलीतली पोरं ह्यांच्या लई म्होरं हायत."