चांदणी उतरवायचा दिवस

आमच्या मोठ्याईसमोर ‘नाताळ संपला’ असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. मोठ्याई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली वहिनी. जानेवारीच्या सहा तारखेला, तारा पाहून बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी लोकांच्या सणाला, आम्ही सगळे वणीत तिच्या अंगणात जमायचो. कुणाच्या तोंडून ते वाक्य निसटलं, की ती डोळे वटारायची. “संपला काय? इतके दिवस खाल्लं, गायलं. खरं काम तं आज हाये!”

दिवस मावळला की नाताळच्या देखाव्यातल्या गव्हाणीतले मातीचे पुतळे ती कापसात गुंडाळून ठेवायची. मग तिचा मुलगा विनय गच्चीवरची चांदणी उतरवायचा. बांबूच्या काड्या, पातळ लाल कागद, आत दिवा. इतरांच्या चांदण्या त्या दिवशी माळ्यावर जात. मोठ्याई मात्र ती तशीच पेटती हातात घेऊन निघायची. ज्या घराचं वर्ष वाईट गेलं असेल, त्या घराच्या दाराशी नेऊन टांगायची. घर कुठलं, हे आधी कुणालाच सांगायची नाही. “ते ज्ञानी लोक तारा पाहून कोनाच्या तरी घरी गेलते,” ती म्हणायची. “आपन नुसता पाहूनच ठेवून देतो.”

एका पावसाळ्यात विनय गेला. कोळशाच्या ट्रकखाली, चंद्रपूर रोडवर. ड्रायव्हर नदीपलीकडच्या वस्तीतला, आमच्या ओळखीतलाच. त्या डिसेंबरात चांदणी लागणार नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. मोठ्याईनं ती स्वतः बांधली, स्वतः गच्चीवर चढवली.

सहा तारखेला तिनंच ती उतरवली. फाटकाबाहेर पडून ती नदीच्या बाजूला वळली, तेव्हा मोठेबाबा, तिचे यजमान, जागीच थांबले.

“तिकडं नको,” ते म्हणाले.

“तुमी नोका येऊ. मी जातो.”

मी तिच्या मागे गेले. पावलं रेंगाळत होती. माझी, तिची नाही. दार ड्रायव्हरच्या म्हाताऱ्या आईनं उघडलं आणि तोंडावर पदर घेऊन ती खालीच बसली. जामिनावर सुटलेला तो कोपऱ्यात होता. मोठ्याईला पाहताच पुढे येऊन तिच्या पायांवर कोसळला.

मोठ्याईनं चांदणी दाराच्या खिळ्याला अडकवली. अनारशांचा डबा म्हातारीच्या मांडीवर ठेवला. मग त्याला म्हणाली, “उठ बाप्पा. तुह्याशी बोलनं मले जमत नाही अजून. देवाले मी दुसरं घर मांगून राह्यलती. त्यानं हेच दाखवलं.”

चांगुलपणा सोपा असतो, असं मला तोवर वाटायचं. त्या दारात उभी असताना मला तिची भीती वाटली. देवळात वाटते तशी.

परतताना मोठेबाबा फाटकाशी तसेच उभे दिसले. त्यांच्या छातीवर डोकं टेकून ती रडली. विनय गेल्यापासून पहिल्यांदाच.

गेल्या वर्षी मोठ्याई गेली. शवपेटी कब्रस्तानाकडे निघाली, तेव्हा तो ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला हात जोडून उभा होता. जवळ यायचं धाडस त्याला होत नव्हतं. मोठेबाबा पुढच्या खांद्याला होते. त्यांनी सगळ्यांना थांबवलं, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आपला खांदा काढून घेतला.

“ये,” म्हणाले. “इथं लाव.”