शिक्क्यातलं शेवटचं अक्षर

सौदीतल्या हुफूफजवळच्या आमच्या साइटवर कोरियन साहेबाचा शिक्का पडला की काम झालं. करंगळीएवढा लाकडी ठोकळा, लाल शाई, त्याचं नाव आणि शेवटी एक चिनी अक्षर. सहीवर त्याचा विश्वास नव्हता. मी पाइप फिटरांचा फोरमन, रत्नागिरीकडचा. पाच वर्षं हाताखाली काढल्यावर तो मीटिंगला जाताना शिक्का माझ्याकडे देऊ लागला. "यू टेस्ट. ओके, देन यू प्रेस." बाकीचे फोरमन जळायचे आणि मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

गेल्या वर्षी मुलीचा साखरपुडा ठरला. हातातल्या लाइनची टेस्ट झाल्याशिवाय सुट्टी नव्हती. बायकोचे रोज फोन. "अहो, नक्की येताय ना? मुलाकडचे दोनदा विचारून गेले."

निघायच्या आदल्या दिवशी पाइपात पाणी भरून दाब चढवला. तो चार तास टिकायला हवा. दुसऱ्याच तासाला गेजची सुई किंचित उतरली. ऊन कललं की पाणी निवतं, दाब थोडा पडतोच, असं मी स्वतःला समजावलं. वीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला सबबी शोधाव्या लागत नाहीत. साहेब मीटिंगमध्ये होता. मी कागदावर शिक्का दाबला आणि बॅग भरायला गेलो.

साखरपुडा झोकात झाला. परत आलो तर मातीखाली गेलेल्या लाइनचा एक जोड गळून वरचा नवा रस्ता खचला होता. कागदावर शिक्का साहेबाचा, म्हणून त्यालाच घरी पाठवायचं ठरलं होतं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. हे काम पुरं करून मानाने जायचं, एवढंच त्याला हवं होतं. मी तोंड उघडलं असतं तर तो राहिला असता. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, मात्र खलास झाला असता.

तरी सांगायचंच, असं ठरवून त्याच्या केबिनमध्ये गेलो. तो खोकी बांधत होता. टेबलावर शिक्का पडलेला. मी खाकरलो आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, यातलं हे शेवटचं अक्षर काय आहे?"

तो एकदम खुलला. खोकं सोडून बसला, टेस्टच्या एका कोऱ्या कागदावर अक्षर काढलं. उच्चार 'इन'. कोरियात शाळेत आधी अर्थ आणि मग उच्चार असं म्हणून घेतात: "दोजांग इन." दोजांग म्हणजे शिक्का. मग त्याने फार जुनं रूप काढलं. वर एक पंजा, खाली गुडघे टेकलेला माणूस. पंजा त्याला दाबून धरतोय. मूळ अर्थ नुसता दाबणे, शिक्का हा अर्थ मागाहून आला. आता लिहिताना पंजा डावीकडे आणि माणूस उजवीकडे, दोघं शेजारी आलेत. त्याच्या वडिलांनी त्याला हे शिकवलं होतं. आता त्याच्या मुलाला ही अक्षरं वाचताही येत नाहीत, म्हणाला. दहा मिनिटं तो बोलत होता. मी मान डोलवत होतो आणि मनात म्हणत होतो, बोलत राहा, थांबू नकोस. इतकी लाज मला आजवर कशाचीच वाटलेली नाही.

शेवटी तो थांबला. तोच म्हणाला, माती लोटताना कुणीतरी जोड हलवला असणार. "यू हॉलिडे. यू हिअर, नो प्रॉब्लेम." मी असतो तर असं झालंच नसतं, याची त्याला खात्री होती.

मग त्याने कपाटातून एक लांबट डबी काढली. आत चमच्यांचे आणि जेवायच्या काड्यांचे दोन जोड होते, एक नवऱ्याचा, एक नवरीचा. त्यांच्याकडे लग्नात देतात. स्वतःच्या मुलाच्या लग्नासाठी घेऊन ठेवले होते, पण त्याच्या लग्नाचं काही जमेना. "युअर डॉटर," म्हणत त्याने डबी दोन्ही हातांनी पुढे केली.

मी ती घेतली. थँक यू सर म्हणालो.